जचगीचा मशवरा सातव्या महिन्यातच

रमजानचा सतरावा रोजा आला की मशिदी-मशिदींतून बद्रच्या लढाईची आठवण निघते. हिजरी सन २ मध्ये याच दिवशी ही लढाई झाली. तरावीहनंतरच्या बयानात ३१३ साथीदारांच्या सबराची आणि हिमतीची गोष्ट सांगितली जाते. त्याच गोष्टीतला एक भाग मात्र घाईत राहून जातो. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे जावई हजरत उस्मान (रजि.) बद्रच्या मैदानात नव्हते. त्यांच्या पत्नी, म्हणजे प्रेषितांच्या कन्या हजरत रुकय्या (रजि.), त्या वेळी आजारी होत्या. त्यांची देखभाल करायला मदिन्यातच थांबावं, असं खुद्द प्रेषितांनी उस्मान यांना सांगितलं. लढाईत उतरलेल्याला जेवढा सवाब आणि जेवढा वाटा मिळेल, तेवढाच त्यांनाही मिळेल, असा दिलासाही दिला. सहीह बुखारीत ही हदीस आहे.

इस्लामच्या इतिहासातली एवढी मोठी लढाई समोर असताना एका नवऱ्याला बायकोच्या उशाशी बसायला सांगितलं गेलं आणि ते बसणं लढण्याइतकंच मानलं गेलं. आपल्याकडे मात्र बाईला दिवस गेले की घरातले पुरुष म्हणतात, हे बायकांचं काम, आम्हाला त्यातलं काय कळतं? आणि नऊ महिने ज्या कामात आपल्याला काही कळत नाही असं म्हणतो, त्याच कामातला शेवटचा निर्णय मात्र रात्री दोन वाजता, रुग्णालयाच्या दारात, आपणच घेतो. कागदावर सही कुणाची? नवऱ्याची, सासऱ्याची, भावाची. जिच्या अंगावर सगळं बेतलेलं असतं, तिला बहुतेक वेळा विचारलेलंही नसतं.

पहिला उशीर घरातला

बाळंतपणात बाई का दगावते, याचा अभ्यास करणाऱ्यांनी १९९४ मध्ये एक सोपी मांडणी केली. ती आज जगभर ‘तीन उशीर’ या नावाने शिकवली जाते. पहिला उशीर दवाखान्यात जायचं ठरवण्यातला. दुसरा तिथे पोहोचण्यातला. तिसरा पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातला. दुसऱ्या आणि तिसऱ्या उशिरासाठी आपण रस्त्याला, सरकारला, डॉक्टरांना बोल लावू शकतो, आणि जिथे चूक असेल तिथे लावलाही पाहिजे. पण पहिला उशीर आपल्या उंबऱ्याच्या आतला आहे. त्याच्यावर कुठली योजना नाही आणि कुठला निधीही नाही.

आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. जिंतूर, गंगाखेड, पाथरी ही गावं परभणीपासून चाळीसेक किलोमीटरवर. त्यांच्या आतली खेडी त्याहून लांब. तालुक्याच्या रुग्णालयात रक्त किंवा भूलतज्ज्ञ त्या घडीला मिळाला नाही, तर परभणीचं जिल्हा स्त्री रुग्णालय. तिथेही गुंतागुंत वाढली, तर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर. अशा वेळी रक्तस्राव सुरू झालेल्या बाईच्या घरात ‘थोडं थांबून बघू’, ‘मोठ्या भाऊजींना फोन करू’, ‘आधी पैशाचं बघू’ यात तास-दीड तास गेला, तर तो पुढे कुठल्याच गाडीला भरून काढता येत नाही. बाळंतपणानंतरच्या जोराच्या रक्तस्रावात काही तासांत सगळं संपू शकतं.

चित्र पूर्वीपेक्षा सुधारलं आहे, हेही सांगायला हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०१८-२० च्या आकडेवारीनुसार देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या. महाराष्ट्रात हा आकडा ३३ होता. म्हणजे आपण दवाखान्यापर्यंत पोहोचायला शिकलो. आता शिकायचं आहे ते वेळेवर पोहोचायला, समजून पोहोचायला, आणि तिथे पोहोचल्यावर तोंड उघडून विचारायला.

राजीखुशी आणि मशवरा

मराठवाड्याच्या बोलीत बाळंतपणाला ‘जचगी’ किंवा ‘जचकी’ म्हणतात. शब्द फारसीतून आला आणि हिंदू-मुस्लिम दोघांच्या घरात सारखाच रुळला. ‘राजी’ हा शब्दही तसाच. राजीखुशीने, राजीनामा, तो राजी झाला, असं आपण रोज बोलतो. हा शब्द अरबी ‘रजा’ म्हणजे संमती, समाधान, यापासून आला. उर्दूतला ‘मशवरा’ म्हणजे सल्लामसलत हाही अरबीतूनच आलेला.

हे दोन्ही शब्द ज्या मुळांतून आले, ती दोन्ही मुळं पवित्र कुरआनच्या एकाच आयतीत शेजारी शेजारी आहेत. सूरह बकराहची ती २३३ वी आयत. विषय आहे बाळाच्या दुधाचा. आईने पूर्ण दोन वर्षं दूध पाजावं, असं सांगून पुढे म्हटलं आहे की, त्याआधी दूध तोडायचं असेल तर आई-बापांनी एकमेकांच्या संमतीने आणि सल्ल्याने ठरवावं, त्यात दोघांनाही दोष नाही.

जरा थांबून विचार करण्यासारखी गोष्ट आहे. बाळाचं दूध कधी तोडायचं, एवढ्या घरगुती प्रश्नातसुद्धा बापाने एकट्याने ठरवायचं नाही आणि आईवर एकटीवर सोडायचं नाही. दोघं राजी हवेत आणि दोघांत मशवरा हवा. मग जचगी कुठे करायची, कुणाकडून करायची, ऑपरेशनला हो म्हणायचं की थांबायचं, हे प्रश्न तर दुधापेक्षा कितीतरी मोठे. त्यात तिचा शब्द नको, असं म्हणायला धर्माचा आधार कुठून आणणार?

मशवऱ्यात सासूबाई, आई, मोठी जाऊ यांना जागा आहेच. त्यांनी लेकरं वाढवलेली असतात. पण अनुभव वेगळा आणि तपासणीचा कागद वेगळा. सासूबाईंची पाच बाळंतपणं घरी सुखरूप झाली असतील, पण सुनेचा रक्तदाब १६०/११० असेल, तर ती पाच बाळंतपणं तिच्या कामाची नाहीत. दाईचा हात मायेचा असतो, त्याची आठवण ठेवावी. पण कळा वाढवायचं इंजेक्शन घरात टोचून घेणं हा जिवाशी खेळ आहे. त्या इंजेक्शनाने गर्भाशय फाटू शकतं, बाळ गुदमरू शकतं. ते फक्त रुग्णालयात, देखरेखीखाली द्यायचं औषध आहे.

मुलगीच जर सतरा वर्षांची असेल

मशवऱ्याची गोष्ट करताना आपल्या जिल्ह्याचा एक आकडा झाकून ठेवता येत नाही. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षं वयाच्या बायकांपैकी ४८ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. महाराष्ट्रातल्या सगळ्या जिल्ह्यांत हा आकडा सर्वांत मोठा होता. तो एका समाजाचा नाही. त्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुली आहेत, आपल्याही आहेत. आम्ही कॉलेजात शिकवणारे लोक तो आकडा हजेरीपटावर पाहतो. बारावीला असलेली मुलगी दिवाळीनंतर दिसत नाही, आणि वर्षभराने मैत्रिणीकडून कळतं की तिला मुलगा झाला.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या जचगीत धोका जास्त असतो. अंगात रक्त कमी असतं, रक्तदाब वाढून झटके येण्याची भीती जास्त, बाळ कमी वजनाचं होण्याची शक्यता जास्त. पण त्याशिवाय आणखी एक गोष्ट असते. ती बोलत नाही. सासरी येऊन आठ महिने झालेली मुलगी ‘माझं डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय’ हे कुणाला सांगणार? ती म्हणते, बरं वाटेल. आणि डोकं दुखणं, अंधारी येणं, चेहऱ्यावर सूज येणं ही तर वाढलेल्या रक्तदाबाची धोक्याची घंटा असते. लग्न योग्य वयात होणं हा त्यावरचा खरा इलाज. पण जी मुलगी आज घरात आहे, तिला दिवसातून एकदा तरी कुणीतरी जवळ बसून विचारायला हवं, बेटा, आज कसं वाटतंय? बाळ फिरतंय का?

सज्ञान बाईच्या बाबतीत तर कायदाही स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका खटल्यात निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका महिलेचं गर्भाशय, ती बेशुद्ध असताना, बाहेर बसलेल्या तिच्या आईला विचारून काढलं गेलं होतं. न्यायालयाने सांगितलं की रुग्ण सज्ञान आहे, जिवावर बेतलेली तातडी नाही, तर तिच्या जागी आईची संमती चालत नाही. संमती म्हणजे नुसती सहीही नाही. उपचार कोणता, कशासाठी, दुसरा मार्ग आहे का, धोके कोणते, आणि उपचार नाकारला तर काय होईल, हे रुग्णाला समजेल असं सांगितलं गेलं पाहिजे. सख्ख्या आईची संमती जिथे पुरत नाही, तिथे सासऱ्यांची कशी पुरेल?

सीझर : भीतीही नको, घाईही नको

आपल्या घरांत सीझरबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक, ‘डॉक्टर पैशासाठी पोट फाडतात, काही झालं तरी सही करायची नाही’. दुसरं, ‘पोरीला कळा सोसवत नाहीत, सरळ ऑपरेशन करून टाका’. दोन्ही मतं बाईला न तपासता ठरलेली असतात.

आकडे पाहिले तर शंका अगदीच निराधार नाही. देशभरात सरकारी रुग्णालयांत होणाऱ्या बाळंतपणांपैकी १४ टक्के सीझरने होतात, तर खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७ टक्के आहे. महाराष्ट्रात एकूण प्रमाण २५ टक्क्यांच्या वर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये म्हटलं की, एखाद्या लोकसंख्येत सीझरचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता आणि बाळांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. पण याच संघटनेने हेही सांगितलं की, टक्केवारी गाठण्यापेक्षा ज्या बाईला गरज आहे तिला सीझर मिळणं महत्त्वाचं. वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, बाळ आडवं असेल, नाळ आधी बाहेर आली असेल, बाळाचे ठोके कमी होत असतील, तर सीझर हा बाई आणि बाळाचा जीव वाचवणारा उपाय आहे. तिथे ‘सही करत नाही’ म्हणून अडून बसणं म्हणजे पहिला उशीर पुन्हा करणं.

मग सामान्य माणसाने करायचं काय? विचारायचं. न भांडता, न घाबरता, पाच प्रश्न विचारायचे.

सीझरचं नेमकं कारण काय आहे? ते आत्ताच करायला हवं की काही तास वाट पाहता येईल? वाट पाहिली तर बाईला आणि बाळाला काय धोका? केलं तर आत्ता आणि पुढच्या बाळंतपणात काय धोका? आणखी कुठला मार्ग आहे का?

खरी तातडी असेल तर चांगला डॉक्टर एका वाक्यात सांगतो, बाळाचे ठोके पडताहेत, वेळ नाही. तेवढं उत्तर पुरेसं असतं, तिथे पुढचे प्रश्न थांबवावेत. पण आठव्या महिन्यातच सीझरची तारीख ठरत असेल, तर पाचही प्रश्नांना उत्तर मिळायला हवं आणि समाधान झालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरला कागद दाखवायला हरकत नाही. पहिल्या बाळंतपणात कळा बारा तासांहून जास्त चालू शकतात, हे घरच्यांना आधीच माहीत असेल, तर ‘काहीतरी करा’ म्हणून डॉक्टरांवर दबाव येत नाही. बऱ्याचदा घाई दोन्ही बाजूंनी होत असते.

पडद्याचा प्रश्नही आधीच बोलून घ्यावा. महिला डॉक्टर हवी, तपासताना परिचारिका जवळ हवी, अंग झाकलेलं हवं, ही मागणी रास्त आहे. कुठल्याही धर्माच्या बाईला ती करता येते. ती नाव नोंदवताना करावी, प्रसूतीच्या टेबलावर नाही. आणि त्या घडीला महिला डॉक्टर नसेल, तर जीव वाचवण्यासाठी पुरुष डॉक्टरकडून उपचार घ्यायला शरीअतने मनाई केलेली नाही. जरूरतीच्या वेळी सूट मिळते, हे फिकहचं जुनं तत्त्व आहे. प्रसूतीच्या वेळी जवळ एक सोबतीण असू द्यावी, अशी सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांना दिलेली आहे. आई, बहीण, नणंद, जिचा हात धरल्यावर तिला धीर येईल, ती कोण, हे तिलाच ठरवू द्या.

रोजा आणि पोटातलं बाळ

रमजानचा महिना आहे, म्हणून हेही बोललं पाहिजे. गर्भवती आणि अंगावर दूध पाजणाऱ्या बाईला रोजातून सवलत आहे, हे हदीसमध्ये स्पष्ट आलं आहे. स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाला त्रास होईल अशी भीती असेल, तर रोजा सोडता येतो आणि हनफी मसलकानुसार पुढे सवडीने तेवढ्या रोजांची कजा करता येते. इतर मसलकांत थोडे बारकावे आहेत, ते आपल्या आलिमांना विचारावेत. रोजाच्या हुकमातच कुरआनने सांगितलं आहे की अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको.

तरीही घराघरांत काय दिसतं? रोजा नसलेली गर्भवती सून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, दाराआड, घाईघाईने पाणी पिते. कुणी ‘रोजाखोर’ म्हणेल ही भीती. जी सवलत अल्लाहने दिली, ती घरच्यांच्या नजरेने काढून घेतली जाते. त्यापेक्षा सासूबाईंनी स्वतःच्या हाताने दुपारी ताट वाढून तिला ‘बस, खा’ म्हणावं. त्या ताटाचा सवाब लहान नाही.

रोजा ठेवायचाच असं जिच्या मनात असेल, तिने आधी डॉक्टरला विचारावं. हिमोग्लोबिन कमी असेल, रक्तदाब असेल, गरोदरपणातला मधुमेह असेल, जुळं असेल, तर तब्येतीला धोका आहे. रोजात चक्कर आली, लघवी अगदी कमी झाली, बाळाची हालचाल कमी वाटली, तर रोजा लगेच सोडावा आणि बाळाची हालचाल कमीच राहिली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लोहाच्या गोळ्या रमजानमध्ये हमखास चुकतात. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात आणि गरोदरपणात १८० दिवस, बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. गोळी चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही. चहा आणि गोळी यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवावं. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. महाराष्ट्रात तपासलेल्या गर्भवतींपैकी ४५ टक्क्यांहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. रक्त आधीच कमी असलेल्या बाईला बाळंतपणातला थोडा रक्तस्रावही झेपत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी गोळी चुकणार नाही.

इफ्तारला आपण खजूर हातात घेतो, तेव्हा हजरत मरयम (अ.) यांची आठवण व्हायला हवी. सूरह मरयममध्ये त्यांच्या कळांचं वर्णन आहे. त्या एकट्या होत्या. कळांनी त्यांना खजुराच्या बुंध्यापाशी आणलं आणि वेदनेत त्यांच्या तोंडून मरण बरं असे शब्द निघाले. त्यावर त्यांना कुणी ‘सहन कर’ म्हणून गप्प केलं नाही. दुःख करू नकोस, असा धीर दिला गेला, पायाशी झरा दिला गेला, झाडाचे ताजे खजूर दिले गेले आणि खा, पी, शांत हो, असं सांगितलं गेलं. पाणी, अन्न, धीर. आजचं वैद्यकशास्त्रही कळा देणाऱ्या बाईसाठी याच तीन गोष्टी मागतं. प्रसूतीच्या खोलीत ओरडणाऱ्या बाईवर खेकसणारे, मग ते घरचे असोत की कर्मचारी, ही सूरह विसरलेले असतात.

खर्च कुणाचा?

पहिली जचगी माहेरी, ही रीत मराठवाड्यात सगळ्यांचीच. मुलीला आईजवळ बरं वाटतं, ते ठीकच. पण त्याबरोबर सगळा खर्चही माहेरचा, हे कुठून आलं? सूरह तलाकच्या सहाव्या आयतीत, घटस्फोट दिलेली पत्नी गर्भवती असेल तर बाळंत होईपर्यंत तिचा खर्च पुरुषाने करावा, असा आदेश आहे. नातं तुटल्यावरही जी जबाबदारी संपत नाही, ती नांदत्या संसारात मुलीच्या बापावर टाकायची? मोलमजुरी करणारा बाप मग खासगी रुग्णालयाच्या बिलाच्या धास्तीने मुलीला शेवटच्या घडीपर्यंत घरी ठेवतो. पैशाच्या या भीतीतूनच तो पहिला उशीर जन्माला येतो.

आणि यातला बराच खर्च करायची गरजच नसते. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सीझरसुद्धा, पूर्ण मोफत आहे. औषधं, तपासण्या, रक्त, राहण्याच्या दिवसांतलं जेवण, घरून नेणं, गरज पडल्यास मोठ्या रुग्णालयात हलवणं आणि परत घरी सोडणं, हे सगळं त्यात येतं. आजारी बाळाचे उपचार एक वर्षापर्यंत मोफत आहेत. गर्भवतीसाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. मातृवंदना योजनेत पात्र बाईला पहिल्या अपत्यासाठी ५ हजार आणि दुसरी मुलगी झाली तर ६ हजार रुपये बँक खात्यात मिळतात. हा कुणाचा उपकार नाही, हक्क आहे. कुणी पैसे मागितले तर पावती मागावी आणि तक्रार करावी.

खासगी रुग्णालय निवडायलाही हरकत नाही. पण निवडताना साध्या आणि सीझरच्या बाळंतपणाचा खर्च किती, रात्री भूलतज्ज्ञ येतो का, रक्ताची सोय कुठून होते, बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर कुठे नेणार, हे आधी विचारावं.

एका संध्याकाळचं काम

सातवा महिना लागला की घरातल्या सगळ्यांनी एका संध्याकाळी बसावं. रमजान असेल तर इफ्तारनंतर बसावं, तेव्हा सगळे घरातच असतात. तिला मध्ये बसवावं आणि एका कागदावर लिहून काढावं.

जचगी कोणत्या रुग्णालयात करायची आणि तिथे जमलं नाही तर दुसरं कोणतं. रात्री गाडी कुणाची, त्या गाडीवाल्याचा नंबर काय. तिचा रक्तगट कोणता आणि रक्त देऊ शकणारे दोघे कोण. सोबत कोण जाणार. मोठी लेकरं कुणाकडे राहणार. पैसे किती बाजूला ठेवले आणि कुणाकडे. कर्ता माणूस पुण्या-मुंबईला, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेला असेल, तर त्याच्या फोनची वाट न पाहता दवाखान्यात न्यायचं, हेही आधीच ठरवून ठेवावं.

त्या कागदावर धोक्याच्या खुणा लिहाव्यात. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, खूप डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, हात-चेहऱ्यावर सूज, झटके, ताप, बाळाची हालचाल कमी होणं. यातली एकही दिसली तर मशवरा संपला, गाडी काढायची. मशवरा करायची वेळ सातव्या महिन्यात होती.

माहेरी जाताना माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे आणि रक्ताचे कागद पिशवीत आधी जावेत, कपडे नंतर. जिंतूरची मुलगी पूर्णेला माहेरी गेली, तर पूर्णेच्या आशाताईंना पहिल्याच आठवड्यात कार्ड दाखवून नाव नोंदवावं. नाहीतर दोन्हीकडच्या यादीत ती सुटते. बाळ झाल्यावर कानात अजान द्यावी आणि तासाभरात अंगावर घ्यावं. पहिला पिवळसर चीक टाकून देऊ नये, ती बाळाची पहिली लस आहे. मध, घुट्टी देऊ नये. मधातून एक वर्षाच्या आतल्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

मोहल्ल्यालाही करण्यासारखं बरंच आहे. रमजानमध्ये मशीद कमिट्या गरजू घरांच्या याद्या करतात, राशनची किट पोहोचवतात. त्याच यादीत एक रकाना वाढवावा, या घरात गर्भवती आहे का? रक्तदात्यांची आणि रात्री निघू शकणाऱ्या गाड्यांची यादी मशिदीत लावावी. जकातीचे हकदार असलेल्या घरातल्या बाळंतपणाचा औषधाचा, प्रवासाचा खर्च जकातीतून भागवता येईल का, हे मुफ्तींना विचारून ठेवावं. जुम्याच्या खुतब्याआधी पाच मिनिटं १०२ आणि १०८ या दोन आकड्यांवर बोलायला कुणाची हरकत असेल?

कुरआनने आईच्या गरोदरपणाचं वर्णन ‘अशक्तपणावर अशक्तपणा’ असं केलं आहे आणि त्यासाठीच लेकरांना आई-बापांचे आभार मानायला सांगितलं आहे. आईच्या पायाखाली जन्नत आहे, असं आपण अभिमानाने सांगतो. ती बाई आई होत असते तेव्हा, त्या रात्री, तिच्या बाजूने कोण बोलणार हे मात्र आपण ठरवून ठेवत नाही. शबे-कद्रच्या रात्री हात उचलाल, तेव्हा आपल्या घरातल्या, गल्लीतल्या गर्भवती बायकांसाठी आसान जचगीची दुआ जरूर मागा. आणि दुआ मागून उठलात की तो कागद लिहायला बसा. अल्लाह प्रत्येक आईला सुखरूप आणि प्रत्येक बाळाला सलामत ठेवो. आमीन.